पेट्रोलची बदललेली जागा : थेट अंतःक्षेपणाच्या मोटार-इंजिनाचे विनिर्देश व निगा

मोटारगाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत इंजिनाविषयीची माहिती दोन ठिकाणी विखुरलेली असते. एके ठिकाणी विनिर्देशांचे कोष्टक असते. त्यात सिलिंडरांची संख्या, घनफळ, संपीडन गुणोत्तर, अश्वशक्ती इत्यादी आकडे दिलेले असतात. दुसरीकडे, बरीच पाने उलटल्यावर, निगेचे वेळापत्रक येते. पहिला भाग गाडी घेण्यापूर्वी वाचावयाचा आणि दुसरा गॅरेजवाल्याने वाचावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. थेट अंतःक्षेपणाच्या पेट्रोल इंजिनापुरती ही समजूत महागात पडणारी आहे. ह्या इंजिनाच्या कोष्टकातील वाढीव आकडे आणि त्याच्या निगेतील नवी कामे ही दोन्ही एकाच बदलातून निघालेली आहेत. पेट्रोल इंजिनात नेमके कोठे सोडले जाते, हा तो बदल होय.

‘इंजेक्शन’ हा शब्द मराठी माणसाला दवाखान्यामुळे परिचित झाला, आणि ‘टोचणे’ हे क्रियापद त्याला अद्याप चिकटलेले आहे. इंजिनाच्या संदर्भात टोचण्याचा काही संबंध नाही. अतिसूक्ष्म छिद्रांतून द्रव जोराने आत फेकणे एवढाच अर्थ तेथे अभिप्रेत आहे, आणि त्या दृष्टीने ‘अंतःक्षेपण’ हा परिभाषेतील शब्द मूळ शब्दापेक्षा नेमका म्हणावा लागेल. प्रश्न उरतो तो ‘थेट’ ह्या विशेषणाचा. कार्ब्युरेटरच्या इंजिनात पेट्रोल हवेत मिसळे ते सिलिंडरपासून बऱ्याच अंतरावर, हवा आत ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी. पुढे कार्ब्युरेटर मागे पडला आणि प्रत्येक सिलिंडरच्या प्रवेश-झडपेमागे एकेक इंजेक्टर बसविण्याची पद्धत रूढ झाली. तेथे पेट्रोलवरचा दाब वातावरणाच्या दाबाच्या तीन-चार पट असतो आणि तुषार झडपेच्या पाठीवर पडतात. झडप उघडली की हवेबरोबर आत जातात. थेट अंतःक्षेपणात ही पायरीच गाळलेली आहे. झडपेतून केवळ हवा आत येते आणि पेट्रोल सिलिंडरच्या आतच, दट्ट्याच्या माथ्यावरील पोकळीत फेकले जाते.

ह्यासाठी दाब इतका वाढवावा लागतो त्याचे कारण वेळेत आहे. मिनिटाला ६००० फेरे घेणाऱ्या इंजिनात हवा आत ओढण्याच्या एका धावेला एक सेकंदाचा दोनशेवा भाग, म्हणजे ५ सहस्रांश सेकंद मिळतो. झडपेमागे फवारा मारणाऱ्या इंजेक्टरला संपूर्ण चक्राचा, म्हणजे २० सहस्रांश सेकंदांचा अवकाश असतो. शिवाय झडप तापलेली असल्याने पेट्रोलची वाफ होण्यास मदत होते. थेट पद्धतीत फवारणे, वाफ होणे आणि हवेत मिसळणे ही तीनही कामे अत्यल्प वेळात उरकावयाची असतात. म्हणून थेंब फार बारीक हवेत, आणि थेंब बारीक करावयाचे तर दाब हवा. आजच्या इंजिनांत तो २०० ते ३५० बारपर्यंत असतो. एक बार म्हणजे स्थूलमानाने वातावरणाचा एक दाब.

ह्या खटाटोपाचे फळ कोणते? पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. झडपेमागे वाफ झाली तर ती उष्णता मुख्यतः झडपेच्या व नळीच्या धातूतून घेतली जाते; सिलिंडरच्या आत झाली तर हवेतून. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, हे वजनाचे प्रमाण धरून हिशेब केला, तर हवेचे तापमान ह्या योगाने वीस अंशांच्या आसपास उतरावे असे उत्तर येते. प्रत्यक्षात त्याहून काहीसे कमी उतरते. हा आकडा वाटतो तितका क्षुल्लक नाही. पेट्रोल इंजिनात मिश्रण किती दाबता येईल ह्यावर मर्यादा पडते ती नॉकिंगमुळे. ठिणगीने लागलेली ज्योत पोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि इंजिन ठोके देऊ लागते. हवा थंड असेल तर हा प्रसंग पुढे ढकलला जातो, आणि संपीडन गुणोत्तर वाढविण्यास किंवा टर्बोने अधिक हवा कोंबण्यास वाव मिळतो.

कल्पना नवी नाही. जर्मनीत १९३० नंतरच्या दशकात डेम्लर-बेन्झच्या डी.बी. ६०१ ह्या विमान-इंजिनात बॉशच्या पंपाने थेट अंतःक्षेपण होत असे. युद्धानंतर ते मोटारीत आले ते प्रथम गुटब्रोड व गोलियाथ ह्यांच्या लहान, दोन धावांच्या इंजिनांत. चार धावांचे इंजिन असलेली ह्या प्रकारची पहिली विक्रीची मोटार म्हणजे १९५४ साली न्यूयॉर्क येथे मांडण्यात आलेली मर्सेडीझ-बेन्झ ३०० एस.एल. गाडी वरच्या बाजूस उघडणाऱ्या दारांमुळे प्रसिद्ध आहे, परंतु तिचे इंजिन अधिक लक्ष देण्याजोगे आहे. सहा सिलिंडर, ८५ मिलिमीटर व्यास, ८८ मिलिमीटर धाव, २९९६ घन सेंटिमीटर घनफळ, ८.५५ संपीडन गुणोत्तर, आणि मिनिटाला ५८०० फेऱ्यांवर २१५ अश्वशक्ती, असे तिचे विनिर्देश होते. त्याच घनफळाचे कार्ब्युरेटरवर चालणारे इंजिन १९५१ च्या ३०० ह्या मोठ्या गाडीत ११५ अश्वशक्ती देत असे. हे दोन आकडे शेजारी ठेवून सगळा फरक अंतःक्षेपणाच्या पदरात टाकण्याचा मोह होतो, आणि लोकप्रिय लेखनात तो वारंवार टाकलाही जातो. तो योग्य नव्हे. १९५२ साली ल मां येथील शर्यत जिंकणाऱ्या एस.एल. गाडीत हेच इंजिन कार्ब्युरेटरांवर चालत असून सुमारे १७० अश्वशक्ती देत होते. म्हणजे वाढीचा मोठा वाटा संपीडन, कॅमचा आकार व कार्ब्युरेटरांची संख्या ह्यांना आधीच मिळालेला होता. राहिलेल्या भागातील श्रेय अंतःक्षेपणाचे.

ह्या गाडीची निगा मात्र तिच्या विनिर्देशांइतकी ख्यात नाही. तिचा अंतःक्षेपण पंप डिझेलच्या पंपासारखा, इंजिनाच्या गतीवरच चालणारा, पूर्णपणे यांत्रिक होता. किल्ली बंद केली की ठिणगी तात्काळ थांबे. पण इंजिन थांबेपर्यंतच्या अखेरच्या फेऱ्यांत पंप आपले काम चालूच ठेवी. हे न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पातळ थर धुऊन काढी आणि दट्ट्याच्या कड्यांवरून झिरपून खालच्या तेलात मिसळे. त्या इंजिनात तेलाचा साठा मोठा होता. शर्यतीत हे योग्यच. पण गावातल्या गावात थोडेसे चालविल्यास तेवढे तेल पुरेसे तापत नसे, आणि त्यात शिरलेल्या पेट्रोलला वाफ होऊन निघून जाण्याची संधी मिळत नसे. पेट्रोलने पातळ झालेले तेल वंगणाचे काम करू शकत नाही. ह्यासाठी दर १००० मैलांना, म्हणजे सुमारे १६०० किलोमीटरांना, तेल बदलावे अशी शिफारस होती. बंद दारांच्या १४०० आणि उघड्या टपाच्या १८५८ गाड्या होऊन १९६३ साली हे प्रकरण संपले, आणि मोटारींतील थेट अंतःक्षेपण तीन दशकांहून अधिक काळ बाजूस पडले.

ते परतले ते विद्युत-नियंत्रण हाताशी आल्यावर. १९९६ साली मित्सुबिशीने १.८ लिटरचे जी.डी.आय. इंजिन बाजारात आणले. त्यात दाब ५० बार आणि संपीडन गुणोत्तर १२ होते. त्या काळी ह्या पद्धतीचे मुख्य आकर्षण काटकसरीचे होते. सावकाश जाताना फवारा अगदी शेवटी, ठिणगीच्या प्लगापाशीच मारावयाचा. प्लगाजवळ जळण्याजोगे मिश्रण आणि भोवती निव्वळ हवा असे स्तर राखावयाचे. अशा रीतीने एकंदर प्रमाण एकास चाळीसपर्यंत पातळ करता येई. परंतु धुरात ऑक्सिजन शिल्लक राहिला की नेहमीच्या उत्प्रेरकाला नायट्रोजनची ऑक्साइडे मोडता येत नाहीत. त्यासाठी लागणारा खास उत्प्रेरक पेट्रोलमधील गंधकाने निकामी होई. अखेरीस बहुतेक कारखानदारांनी स्तरांचा नाद सोडला आणि आत सर्वत्र सारखे मिश्रण करण्याचा मार्ग धरला.

नावांत मात्र ते स्तर टिकून राहिले आहेत. फोक्सवॅगनने २००० साली लुपो गाडीत आणलेल्या इंजिनाला एफ.एस.आय. म्हटले, त्यातील ‘एस’ हे अक्षर स्तरयुक्त फवाऱ्याचे निदर्शक होते. पुढे टर्बोसह आलेल्या टी.एस.आय. इंजिनांनी स्तरांची पद्धत टाकली तरी अक्षर ठेवले. भाषेच्या अभ्यासकाला ह्यात नवल वाटू नये. ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. आज इंजिनात ओतल्या जाणाऱ्या तेलाचा तिळाशी संबंध उरलेला नाही, आणि त्याने कोणाची फसवणूकही होत नाही. गाडीच्या मागील अक्षरांवरून इंजिनाचे कार्य अनुमानणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

महाराष्ट्रात ह्या जातीचे इंजिन सर्वांत परिचित झाले ते पुण्याजवळील चाकण येथे तयार होणाऱ्या गाड्यांतून. स्कोडा कुशाक व फोक्सवॅगन टायगुन ह्या २०२१ साली आलेल्या गाड्यांतील एक लिटरचे टी.एस.आय. इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. तीन सिलिंडर, ७४.५ मिलिमीटर व्यास, ७६.४ मिलिमीटर धाव, ९९९ घन सेंटिमीटर घनफळ, १०.५ संपीडन गुणोत्तर, ११५ अश्वशक्ती, आणि १७८ न्यूटन-मीटर टॉर्क. व्यास व धाव ह्यांवरून एका सिलिंडरचे घनफळ ३३३ घन सेंटिमीटर येते. गुणोत्तर १०.५ असल्यामुळे दट्ट्या वर पोचल्यावर उरणारी जागा अवघी ३५ घन सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या चमच्याने मोजल्यास दोन-सव्वादोन चमचे. टर्बोचा जोर नसताना एका धावेत आत येणारी हवा वजनाने सुमारे ०.४ ग्रॅम, आणि तिला लागणारे पेट्रोल सुमारे २७ मिलिग्रॅम. इंजेक्टरने मोजावयाचे ते हे.

अश्वशक्ती आणि टॉर्क हे दोन स्वतंत्र गुण आहेत असे मानून गाड्यांची तुलना केली जाते. वस्तुतः टॉर्क, म्हणजे दांडा फिरविण्याचा पीळ, गतीने गुणला की शक्ती मिळते. १७८ न्यूटन-मीटरचा टॉर्क १७५० पासून ४५०० फेऱ्यांपर्यंत टिकतो असे कोष्टक सांगते. ४५०० फेऱ्यांवर त्याची शक्ती सुमारे ८४ किलोवॉट, म्हणजे ११४ अश्वशक्ती होते. अर्थात ११५ हा आकडा टॉर्कच्या आकड्यात आधीच दडलेला आहे. ४५०० फेऱ्यांच्या पुढे टॉर्क उतरतो आणि वाढलेली गती ती उणीव भरून काढते, इतकेच. ह्या ओळीतील सर्वांत उपयुक्त आकडा १७५० हा होय, आणि त्याचा संबंध निगेशी आहे. त्याखालच्या गतीत, वरच्या गिअरमध्ये, पेट्रोलचा पेडल जोराने दाबून गाडी चढावर ओढण्याची सवय टर्बो असलेल्या थेट अंतःक्षेपणाच्या इंजिनाला बाधते. अशा वेळी दाब मोठा असतो, गती कमी असते, आणि भिंतीवरून सुटलेला तेल-पेट्रोलाचा एखादा थेंब ठिणगीपूर्वीच पेट घेऊ शकतो. हा स्फोट साध्या नॉकिंगपेक्षा कितीतरी तीव्र असतो. त्याने दट्ट्याची कडी वा कड्यांमधला भाग तुटल्याची उदाहरणे आहेत. तेलातील कॅल्शियमयुक्त घटक ह्याला हातभार लावतात असे आढळल्यावर तेलाचे निकष बदलावे लागले. २०१८ साली ए.पी.आय. एस.एन. प्लस आणि २०२० साली एस.पी. ह्या श्रेणी आल्या. डब्यावरील श्रेणी न पाहता केवळ दाटपणाचा आकडा जुळवून तेल भरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

आता प्रवेश-झडपेकडे वळावयास हवे. कारण पेट्रोलची जागा बदलल्याचा सर्वांत ठळक परिणाम तेथे दिसतो. झडपेमागे फवारा मारणाऱ्या इंजिनात पेट्रोल झडपेची पाठ प्रत्येक चक्रात धुऊन काढी. हे काम कोणी मुद्दाम योजलेले नव्हते. ते आपोआप होत होते, म्हणून त्याची नोंद कोणत्याही कोष्टकात नव्हती. थेट पद्धतीत झडपेवरून केवळ हवा जाते. ती हवाही शुद्ध नसते. दट्ट्याच्या कड्यांवरून खाली निसटलेला वायू तेलाची वाफ घेऊन पुन्हा प्रवेशनळीत सोडला जातो. बाहेर सोडता येत नाही, कारण ते प्रदूषण ठरते. काही जळालेला वायूही मागे परततो. ही तेलाची वाफ तापलेल्या झडपेवर बसते, करपते, आणि कालांतराने तिचा कठीण थर होतो. गॅरेजात त्याला कार्बन म्हणतात. मराठीतील ‘काजळी’ हा शब्द त्याला तितकासा लागू नाही, कारण काजळी बोटाने पुसता येते आणि हा थर खरवडल्याखेरीज निघत नाही. तव्याला लागलेल्या तेलकट खरपुडीची उपमा अधिक जवळची ठरेल.

थर वाढला की हवेचा मार्ग आकसतो. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ते थरथरते, एखादा सिलिंडर मधूनच चुकतो, ओढ कमी होते. ह्या टप्प्यावर पेट्रोलच्या टाकीत ओतावयाच्या सफाई-द्रव्यांची बाटली पुढे केली जाते. पेट्रोल ज्या मार्गाने जातच नाही तेथली घाण पेट्रोलमध्ये मिसळलेले द्रव्य कसे काढणार? इंजेक्टरच्या टोकावरील साका त्याने कमी होतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहे. झडपेच्या पाठीवर त्याचा थेंबही पोचत नाही. जुन्या इंजिनांत हीच द्रव्ये झडपा खरोखर साफ करीत, म्हणून त्यांची ख्याती टिकून आहे. थर काढण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे प्रवेशनळी उतरवून, झडप बंद असताना, अक्रोडाच्या टरफलांचा भरडा हवेच्या दाबाने मारणे आणि लगोलग शोषून घेणे. टरफल थरापेक्षा कठीण पण धातूपेक्षा मऊ असते, आणि चुकून राहिलेला कण जळून जातो. हे काम प्रत्येक गाडीला ठरावीक अंतरावर लागतेच असे नाही. तेलाची वाफ वेगळी करणारी यंत्रणा सुधारली तसे त्याचे प्रमाण घटले. लक्षणे दिसल्यावर आणि सूक्ष्म कॅमेऱ्याने झडपा पाहून मगच ते करावे.

पातळ होणाऱ्या तेलाची जुनी व्याधीही पूर्णपणे गेलेली नाही. पंप आता किल्लीबरोबरच थांबतो. तरीही थंड भिंतीवर पडलेले पेट्रोल वाफ न होता खाली उतरतेच. २०१८ साली चीनच्या थंड उत्तर भागात एका जपानी कंपनीच्या दीड लिटर टर्बो इंजिनांत तेलाची पातळी चढत असल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की विक्री थांबवून गाड्या परत बोलवाव्या लागल्या. महाराष्ट्राच्या हवेत हे प्रमाण कमी राहते. पण रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या गाडीत ते नगण्य मानू नये. तेल मोजण्याच्या पट्टीवर पातळी उतरली की मालक चिंता करतो. चढली तर समाधान मानतो. ह्या इंजिनात चढलेली पातळी अधिक चिंतेची आहे. पट्टीचा वास घेतला तरी पेट्रोल ओळखू येते. चाकणच्या उपरोक्त गाड्यांना १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष ही सेवेची मुदत आहे; अशा थोड्या वापराच्या गाडीने किलोमीटरांची वाट न पाहता वर्षाचीच मुदत पाळावी, किंबहुना त्यापूर्वीच तेल बदलावे.

उच्च दाबाचा पंप कॅमच्या दांड्यावर चालतो, आणि त्याचे वंगणही तेच तेल करते. शतकाच्या प्रारंभीच्या काही इंजिनांत कॅम व पंप ह्यांमधील सपाट टोपी झिजून भोक पडे आणि पंपच बंद होई. पुढील रचनांत तेथे रूळ आला. दुरुस्तीच्या बाबतीत एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. इंजिन बंद केल्यानंतरही ह्या नळ्यांत दाब शिल्लक असतो. जुन्या गाडीत पेट्रोलची नळी सैल करून पाहण्याची गॅरेजातील रीत येथे जिवावर बेतू शकते. शंभर बारचा बारीक फवारा कातडी भेदतो, आणि शेजारी तापलेला टर्बो असतो. दाब उतरविल्याखेरीज जोडास हात लावू नये. इंजेक्टर काढला तर त्याच्या टोकावरील टेफ्लॉनची कडी नवी घालावी लागते, आणि काही रचनांत नळीही नवीच बसवावी लागते. खर्चात बचत म्हणून जुनीच कडी परत बसविली जाते, आणि पुढे ज्वलनाचा वायू तेथून सुटू लागतो.

धुरातील सूक्ष्म कण हा ह्या पद्धतीचा आणखी एक दोष. भिंतीवर वा दट्ट्यावर ओले राहिलेले पेट्रोल अपुरे जळते आणि काजळीचे कण होतात. युरोपात २०१७ पासून नव्या रचनांच्या अशा गाड्यांना किलोमीटरमागे ६०,००० कोटी कणांची मर्यादा लागू झाली, आणि अनेक गाड्यांच्या धुराड्यात गाळणी आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम आले. पेट्रोलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांस ५० वरून १० भागांवर उतरली, आणि उत्प्रेरकास त्याचा लाभ झाला.

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा क्रम भारतात २०२३ पासून सुरू झाला, आणि ह्या इंजिनाच्या दृष्टीने तो दुहेरी आहे. इथेनॉलची वाफ होताना पेट्रोलच्या सुमारे अडीच पट उष्णता शोषली जाते. म्हणजे हवा थंड करण्याचा जो लाभ वर सांगितला तो येथे वाढतो, आणि नॉकिंगचा धोका घटतो. उलट लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांश कमी, त्यामुळे मिश्रणाच्या लिटरमागे सहा-सात टक्के घट संभवते. आणि तितक्याच अंतरासाठी इंजेक्टरला अधिक द्रव फेकावा लागतो. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी अर्धवट ठेवू नये. गाडी ह्या मिश्रणासाठी बनविलेली आहे की नाही हे पुस्तिकेत व बहुधा टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लिहिलेले असते.

झडपेच्या प्रश्नावर काही कारखानदारांनी शोधलेला उपाय मोठा बोलका आहे. टोयोटाने २००५ साली लेक्सस गाड्यांच्या साडेतीन लिटर इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले. एक सिलिंडरच्या आत, आणि दुसरा पूर्वीच्याच जागी, झडपेमागे. हळू चालताना दोन्ही काम करतात, मोठ्या भाराला आतला. खर्च वाढतो, नळ्या दुप्पट होतात. परंतु झडपेची पाठ पुन्हा पेट्रोलने धुतली जाते.